ग्रेट झिम्बाब्वेच्या भिंती आणि माझे बाबा

अमेरिकेत, शॉमबर्गच्या ऑफिसात माझं काम म्हणजे जुन्या भिंती तपासणं. रस्त्याकडेची किंवा टेकडीखालची माती धरून ठेवणाऱ्या भिंती कुठे फुगल्यात, कुठे कलल्यात ते बघायचं आणि रिपोर्ट लिहायचा. साइटवर बहुतेक वेळा माझ्याबरोबर एक सहकारी असायचे. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, मूळचे झिम्बाब्वेचे, कमी बोलणारे. थंडीत गाडीतून उतरायला बाकीचे कुरकुरत असायचे तेव्हा हे आधीच भिंतीपाशी पोचलेले असायचे.

एका पार्कमधल्या दगडी भिंतीपाशी त्यांनी एकदा हातमोजा काढला आणि दोन दगडांमधल्या सांध्यावरून बोट फिरवलं. मी बघतच राहिले. माझे बाबा अगदी असंच करतात. बाबा नाशिकला पीडब्ल्यूडीत इंजिनिअर होते. मी शाळेत असताना ते मला सिन्नरच्या गोंदेश्वराच्या देवळात न्यायचे, माझं बोट धरून दगडांच्या सांध्यावरून फिरवायचे आणि म्हणायचे, "बघ, चुना नाही की काही नाही. नुसता दगडावर दगड बसवलाय."

मी हे सहकाऱ्यांना सांगितलं. ते हसले, आणि त्या दिवशी लंचच्या वेळी त्यांनी मला फोनवर त्यांच्या गावाकडचे फोटो दाखवले. त्यांचं गाव ग्रेट झिम्बाब्वेपासून जवळच. झिम्बाब्वे हे नाव मी ऐकून होते, पण ते देशाचं नाव म्हणून. ते मुळात एका दगडी नगराचं नाव आहे, इंग्रज तिकडे पोचायच्या कितीतरी शतकं आधीच्या, हे मला ठाऊक नव्हतं. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात बांधकामाचा इतिहास होता, त्यात इजिप्त होतं, ग्रीस होतं, रोम होतं. इजिप्तच्या खालचा अख्खा आफ्रिका खंड रिकामा.

फोटो बघताना माझा डबा तसाच राहिला. ग्रॅनाइटच्या चपट्या दगडांची, तीन मजली घराएवढी उंच भिंत. कुठेही चुना नाही, माती नाही. वर जाताना भिंत किंचित आत झुकत गेलेली. आणि कुठेच काटकोन नाही. भिंत वळते, दाराशी गोल होऊन आत शिरते, पायऱ्यासुद्धा भिंतीच्याच वळणानं जातात. एका बाजूला अगदी वरच्या थरात दगड तिरपे लावून दातेरी नक्षी काढलेली. ती खालून नीट दिसतही नसेल, तरी केलेली. दगड कुठून आणले असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, तिथले डोंगर दिवसा तापतात, रात्री गार पडतात, आणि ग्रॅनाइटचे पापुद्रे आपोआप सुटतात. त्या लोकांनी डोंगराचं हे वागणं ओळखलं आणि त्यावर सगळं बांधलं. मऊ दगडात कोरलेल्या पक्ष्यांचे फोटोही होते. उंच खांबावर बसलेला पक्षी, पाय मात्र माणसासारखे वाटावेत असे. त्यातले बरेच पक्षी गोऱ्यांनी उचलून नेले, हे त्यांनी जाता जाता सांगितलं.

मला वाटलं, हे बाबांना दाखवायलाच हवं.

आई गेल्यापासून बाबा उन्हाळ्यात आमच्याकडे येतात. त्या वर्षी ते आले आणि मी सहकाऱ्यांना घरी जेवायला बोलावलं. नवरा कामासाठी बाहेरगावी होता. मुलगी ॲन आर्बरच्या कॉलेजातून सुट्टीला आलेली होती. पाहुणे इंजिनिअर आहेत म्हटल्यावर बाबा खूश होते. दुपारीच इस्त्रीचा शर्ट घालून बसले.

मी पिठलं-भाकरी केली होती. सहकाऱ्यांनी चमचा बाजूला ठेवला आणि हातानं जेवायला सुरुवात केली. आमच्याकडेही मक्याच्या पिठाचं असंच काहीतरी हातानं खातात, म्हणाले. बाबांनी उठून त्यांच्या ताटात स्वतः आणखी एक भाकरी वाढली. हे बाबा फारसं कोणासाठी करत नाहीत. मला बरं वाटलं.

मग मी लॅपटॉप आणला. बाबांनी चष्मा पुसून फोटो पाहिले. त्यांना भिंत आवडली हे त्यांच्या मान हलवण्यावरून मला कळत होतं. थोड्या वेळानं ते इंग्रजीत म्हणाले, "काम फार वरच्या दर्जाचं आहे. पण मूळ आराखडा कोणाचा?"

"आमच्या लोकांचा," सहकारी म्हणाले.

"नाही, बांधायला तुमचे लोक असतील. मी डोकं कोणाचं ते विचारतोय. अरब असतील. समुद्रमार्गे आपलेही लोक जात होते तिकडे."

"व्यापार होता. भारतातले मणी तिथल्या मातीत सापडलेत. पण मणी विकायला आलेला माणूस भिंत कशाला बांधेल?" ते अगदी शांतपणे बोलत होते. हा प्रश्न त्यांना नवा नव्हता, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली.

ते दहा वर्षांचे असतील. देशात तेव्हा गोऱ्यांचं राज्य होतं. त्यांचे वडील त्यांना त्या भिंती दाखवायला घेऊन गेले. तिथल्या गोऱ्या गाइडनं सगळ्यांना सांगितलं की हे बाहेरून आलेल्या लोकांनी बांधलंय, इथल्या माणसांना हे जमण्यासारखं नाही. सहकाऱ्यांनी वडिलांकडे पाहिलं. वडील स्वतः गवंडी होते. ते जमिनीकडे बघत उभे राहिले, काही बोलले नाहीत. परतीच्या वाटेवर, आसपास कोणी नाही असं बघून, ते मुलाला म्हणाले, "त्यानं सांगितलं ते विसरून जा. ते आपलं आहे."

मी काही बोलणार तोवर बाबा माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "वडील तिथे गप्प बसले ना? म्हणजे त्यांनाही मनातून ठाऊक होतं."

"बाबा, पुरे," मी म्हटलं.

सहकारी माझ्याकडे बघत होते. "काय म्हणाले ते?" त्यांनी विचारलं. मी शब्द शोधत होते. तेवढ्यात मुलीनं इंग्रजीत सांगून टाकलं. "आजोबा म्हणतायत, तुमचे वडील गप्प बसले कारण ते खरं आहे हे त्यांनाही माहीत होतं." ती आजोबांकडेच बघत होती.

सहकाऱ्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "माझे वडील गप्प बसले," ते बाबांना म्हणाले, "कारण त्यांना मला घेऊन घरी परतायचं होतं."

त्यांनी ताटातलं संपवलं. भाकरी टाकली नाही. हात धुतले, माझे आभार मानले, बाबांशी हात मिळवला आणि गेले.

"मी फक्त तर्काचं बोललो," बाबा म्हणाले. मुलगी उठून वर गेली.

सकाळी चहा करताना मी बाबांना विचारलं, "गोंदेश्वराच्या देवळात कोणी येऊन म्हणालं असतं, की हे तुमच्या लोकांनी बांधलेलं नाही, तर?"

"तो प्रश्नच येत नाही."

"का येत नाही?"

"आपल्याकडे परंपरा आहे. ग्रंथ आहेत."

"आणि त्यांच्याकडे?"

बाबांनी पेपर उघडला. मला राग आला होता, आणि त्या रागाचं काय करायचं ते समजत नव्हतं. दगड वाचायला मला याच माणसानं शिकवलं होतं. मुलगी दोन-तीन वेळा मला म्हणाली, "ही इज अ रेसिस्ट, आई. जस्ट से इट." मी म्हटलं, "ते तुझे आजोबा आहेत." ती म्हणाली, "बोथ कॅन बी ट्रू."

ऑफिसात मी सहकाऱ्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "तुम्ही कशाला मागताय?" मग म्हणाले, "त्या गाइडनं मला कधी जेवायला वाढलं नव्हतं. तुमच्या वडिलांनी वाढलं. म्हणून जरा जास्त लागलं." त्यानंतर ते माझ्याशी पूर्वीसारखेच नीट वागत होते, पण लंचला आपल्या टेबलापाशीच बसू लागले.

पुढे एका रविवारी मी बाहेरून आले तर बाबा लॅपटॉपसमोर बसलेले. त्याच भिंतींचे फोटो मोठे करून बघत होते. मला पाहून म्हणाले, "इकडे ये. हे बघ, तळाशी पाणी जायला तोंडं ठेवलीत. आणि या टेकडीवरच्या भिंती जुन्या आहेत का?"

मी वाचून सांगितलं की बहुतेक तशाच मानल्या जातात. तिथले दगड ओबडधोबड होते, थर वरखाली गेलेले. खालच्या मोठ्या भिंतीत मात्र एकेक थर दोरी लावून बसवल्यासारखा सरळ.

बाबा बराच वेळ सगळे फोटो आलटून पालटून बघत राहिले. "बाहेरचा तयार कारागीर आला असता," ते हळूहळू म्हणाले, "तर पहिलीच भिंत चांगली झाली असती. इथे पहिली वाईट आहे, मग जरा बरी, मग ही. हे लोक तिथेच राहून, चुकत चुकत शिकलेत. बाप चुकला ते मुलानं सुधारलं." त्यांनी चष्मा काढला. "हे त्यांचंच काम आहे."

"हे त्यांना सांगा ना, बाबा."

"बोलाव त्यांना. सांगतो."

मी बोलावलं. सहकारी म्हणाले, या आठवड्यात जमणार नाही. पुढच्या वेळी विचारलं तेव्हाही त्यांनी काही काम सांगितलं, आणि मग मी विचारणं सोडलं. बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, "काय म्हणाले?" मी म्हणायचे, "बिझी आहेत." ओ'हेअरवर बाबांना सोडायला गेलो तेव्हा मुलगीही आली होती. तिनं त्यांना वाकून नमस्कार केला, पण घरापासून एअरपोर्टपर्यंत ती त्यांच्याशी बोलली नव्हती. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो जरा जास्तच वेळ तसाच ठेवला.

त्यानंतर काही दिवसांनी, ऑफिसच्या पार्किंगमध्ये, मी सहकाऱ्यांना सगळं सांगितलं. टेकडीवरची ओबडधोबड भिंत, खालची सुबक भिंत, बाबांचं म्हणणं. त्यांनी गाडीचं दार उघडं ठेवून नीट ऐकून घेतलं.

"निरीक्षण बरोबर आहे," ते म्हणाले. "चांगले इंजिनिअर आहेत ते."

मला हायसं वाटायला लागलं होतं.

"पण त्यांना भिंत बघून पटलं," ते पुढे म्हणाले. "मी समोर बसून सांगत होतो, तेव्हा नाही पटलं." रागानं म्हणाले असते तर मला काही बोलता आलं असतं. ते साधं, एखादा रिपोर्ट वाचून दाखवावा तसं म्हणाले. गाडीत बसले, मला हात केला आणि गेले. हिवाळ्याच्या तोंडाशी ते मुलाजवळ राहायला टेक्सासला गेले आणि तिकडेच दुसरी नोकरी धरली. नवीन वर्षाचा मेसेज येतो. मीही पाठवते.

बाबांनी नाशिकच्या ज्येष्ठ नागरिक संघात ग्रेट झिम्बाब्वेवर भाषण दिलं. फोटो पडद्यावर लावून तासभर बोलले. हे आफ्रिकेतल्याच लोकांचं काम आहे, बाहेरच्यांचं नाही, हे म्हणे त्यांनी ठासून सांगितलं, आणि कोणीतरी अरबांचा मुद्दा काढला तर त्याला गप्प केलं. फोनवर मला हे सांगताना त्यांचा आवाज उत्साहानं भरलेला होता.

"सुरुवातीलाच सांगितलं मी," बाबा म्हणाले, "की अमेरिकेत माझे एक मित्र आहेत, तिकडचेच, इंजिनिअर. त्यांच्यामुळे हे कळलं. त्यांना कळव हं तू."

मी हो म्हटलं. अजून कळवलेलं नाही.