मामांची उघडी गाडी

माझ्या बायकोच्या मामांइतका संकटांवर विश्वास असलेला माणूस लालबाग-परळात दुसरा झाला नाही. शीवपासून गिरगावापर्यंत कुणी दाखवून दिला तर मी मिशी उतरवीन. बाकीची माणसं देवाच्या भरवशावर झोपतात, मामा संकटाच्या भरवशावर. आमच्या लग्नात अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली आणि पहिलं अभिनंदन केलं ते मामांनी. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "जावईबापू, अडकलात." स्वतःच्या सख्ख्या भाचीबद्दल! पुढे एकदा माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून मी पेढे घेऊन गेलो, तर पेढा तोंडात टाकता टाकता म्हणाले, "नॉर्मल म्हणजे अजून सापडलं नाही, एवढंच." कसं काय चाललंय विचारलं तर 'बरं चाललंय' असं उत्तर माझ्या सासूबाईंनीही, म्हणजे त्यांच्या बहिणीनंही, कधी ऐकलेलं नाही. 'चाललंय, थांबेपर्यंत' हे ठरलेलं. आता तुम्ही म्हणाल, असली पनवती दारात कशाला उभी करायची? पण गंमत अशी की मामांचं एकही भाकीत कधी खरं ठरलं नव्हतं. त्यामुळे घरात काही चांगलं ठरलं की आधी मामांना फोन करायचा, त्यांनी 'होत नाही हे' म्हटलं की बायको निर्धास्त होऊन सामानाची यादी करायला बसायची.

अशा माणसाने धंदा काय करावा? गाड्यांना सेंट्रल लॉकिंग बसवण्याचा. चिंचपोकळी स्टेशनाकडे उतरणाऱ्या गल्लीत त्यांचा गाळा होता. दारागणिक एक छोटी मोटर बसवायची, वायरी ओढायच्या, आणि मग एक बटण दाबलं की चारही दारं एकदम खट्ट करून बंद. हल्ली गाड्या कारखान्यातूनच तशा येतात, पण एके काळी नवं लॉक बघायला लोक गाळ्यासमोर घोळका करायचे. मामांचं विकण्याचं तंत्र वेगळंच होतं. गिऱ्हाईक आलं की विचारायचे, "गाडी लावता कुठे?" तो बिचारा सांगायचा, सोसायटीत, वॉचमन आहे. मामा खेदाने मान हलवायचे, "मग गेली." गिऱ्हाईक घाबरून तिथेच होकार द्यायचं. काम झाल्यावर मात्र त्याला धीर देतील तर शपथ. किल्ली हातात ठेवून म्हणायचे, "आता काच फोडून नेतील."

त्यांची सर्वांत भयंकर सवय म्हणजे रस्त्याने चालताना उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीची कडी ओढून बघायची. लागलेली असली की पुढच्या गाडीकडे. उघडी सापडली की संपलं. मालक येईपर्यंत मामा त्या गाडीला पाठ टेकून पहारा देणार आणि आल्यावर त्याची अशी खरडपट्टी काढणार की त्याला आपलीच गाडी चोरल्यासारखं वाटावं. एकदा परळ नाक्यावर एका हवालदाराने त्यांना पाचव्या की सहाव्या कडीला पकडलं. मी सोडवायला गेलो तेव्हा मामा चौकीतल्या बाकावर बसून त्याच हवालदाराला सांगत होते, "साहेब, तुमच्या जीपचं मागचं दार उघडं आहे. मी आत येताना बघितलं." हवालदाराने माझ्यापुढे हात जोडले आणि म्हणाला, घेऊन जा यांना.

आणि ह्या गृहस्थाच्या स्वतःच्या घराला कुलूप नव्हतं! लालबागच्या चाळीत त्यांची खोली, आणि चाळीत दिवसा दार लावायचं नसतं. सकाळी पाण्याला उघडलेलं दार रात्री अंथरुणं पडेपर्यंत सताड उघडं. भर दिवसा दार लोटलेलं दिसलं तर त्याचा एकच अर्थ: ह्या घराने अबोला धरलाय, पायरी चढू नका. कुणी तोंडाने भांडत बसत नसे. दार लावलं की समोरच्याला पोचायचं. मामींनी आयुष्यात कुणावर दार लावलं नाही. मालवणकडच्या बाई, जीभ तिखट आणि हात सढळ. त्यांच्या उंबऱ्यावर सकाळ-संध्याकाळ बायकांचा अड्डा. कुणी लसूण सोलतंय, कुणी सुनेची गाऱ्हाणी गातंय, आणि मध्ये मामी सगळ्यांना शिव्या घालत बसलेल्या. मामा कोपऱ्यात पेपर वाचत कुरकुरायचे, "एक दिवस ह्या बायका घर धुऊन नेतील."

मग चाळ पाडायची ठरली. सगळ्यांना भाडं देऊन बाहेर काढलं, कुणी काळाचौकीला गेलं, कुणी परळला, मामांना शीवला एका इमारतीत वरच्या मजल्यावर जागा मिळाली. तिथली दारं आपणहून लागणारी. तिथे जाऊन थोडेच दिवस झाले आणि मामींना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं, शब्द चिखलातून पाय काढावा तसे ओढून काढावे लागायचे. डॉक्टर म्हणाले, ह्यांना बोलतं ठेवा. जितकं बोलतील तितकी वाचा सुटेल, गप्प बसल्या तर आहे तीही जाईल. आता शीवच्या त्या बंद दारांमागे मामी बोलणार कुणाशी? मामांशी? मामा तर 'आता काही खरं नाही' एवढंच बोलायचे, त्यावर माणूस काय उत्तर देणार!

पण ह्या खडूस माणसाने काय करावं? कुणा गिऱ्हाइकाची मोडीत निघालेली जुनी गाडी घेतली आणि रोज दुपार कलली की मामींना उचलून पुढच्या सीटवर बसवून लालबागला आणायला सुरुवात केली. जुन्या चाळीभोवती आता पत्रे मारले होते. त्या पत्र्यांसमोर गाडी लावायची, काचा खाली करायच्या, आणि स्वतः गाळ्यावर जाऊन बसायचं. झालं, मामींचा उंबरा परत सुरू! मार्केटला आलेल्या बायका जाता-येता मागचं दार उघडून आत बसायच्या, मांडीवर कोथिंबीर घेऊन निवडायच्या. चाळीत समोरच्या खोलीत राहायच्या त्या तावडेबाई तर काळाचौकीहून मुद्दाम चालत यायच्या आणि मामींकडून एकेक शब्द दोनदोनदा म्हणवून घ्यायच्या. शाळामास्तरीण कधी नव्हत्या, पण अंगात जरब होती. "परत म्हण. असा नाय, नीट म्हण." आणि मामी हळूहळू बोलायला लागल्या. मी गेलो तेव्हा अर्ध्या तोंडाने मला म्हणाल्या, "जावई... सुटलात की हो तुमी." म्हणजे पोट सुटलं. पहिलं धड वाक्य, तेही टोमण्याचं! मी मामांना म्हटलं, "अख्ख्या गिरणगावाच्या गाड्यांना लॉक लावलंत आणि तुमची गाडी अशी धर्मशाळा?" तर म्हणाले, "हिच्यात आहे काय चोरण्यासारखं? ही? हिला कोण नेतो!" मामी अर्ध्या चेहऱ्याने हसल्या.

आणि नेमकं तेव्हाच ते घडलं. एका संध्याकाळी बायका उठून गेल्या होत्या, मामा गाळ्यावर होते, आणि कुणीतरी दार उघडून मामींच्या मांडीवरचा मोबाईल उचलून चालता झाला. मामी ओरडू शकल्या नाहीत. मामा चहा घेऊन आले तेव्हा त्या नुसत्या रिकाम्या मांडीवर हात आपटत होत्या. जन्मभर संकटाची वाट बघितलेला माणूस, पण खरं संकट दारात आलं तेव्हा पार हादरला. मोबाईल गेल्याचं काही नव्हतं. तो माणूस हिच्या गळ्याला हात घालू शकला असता, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. गाळ्यात लॉकिंगचं शेवटचं खोकं पडलेलं होतं, धंदा बसल्यापासून धूळ खात. दुसऱ्याच दिवशी मामांनी ते स्वतःच्या गाडीला बसवलं. त्यातही सगळ्यात कडक प्रकार: दारं लोटून थोडा वेळ गेला की ती आपणहून लागणार, आणि आतून उघडायची तर ड्रायव्हरच्या बाजूची खुंटीच वर ओढायची. काचाही वर, वाऱ्यापुरती चार बोटं फट ठेवून. मला फोन करून म्हणाले, "आता निदान तिची काळजी नाही." त्यांच्या तोंडून इतकं बरं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि मला बरंच वाटलं.

त्यानंतर बायका यायच्या बंद झाल्या. आधी एकदोघी, मग सगळ्याच. मामी गाडीत एकट्या बसलेल्या असायच्या, समोर पत्रे. मामांना रस्त्यात तावडेबाई दिसल्या तर त्या मान वळवून पलीकडच्या फुटपाथला गेल्या. मामांना ह्यात काही नवल वाटलं नाही. "मी म्हणालोच होतो. आजारी माणसाचा कंटाळा येतो लोकांना. विसरल्या सगळ्या." मामींचं बोलणं आटत चाललं. जेवणावरची वासना उडाली. एकच शब्द मात्र त्या धरून बसल्या होत्या. शीवला परत जाताना मामांची बाही ओढून म्हणायच्या, "दार... दार..." आणि मामांना वाटायचं, मोबाईलवाल्याची धास्ती घेतलीय हिने. ते तिच्या हातावर थोपटून म्हणायचे, "लागलंय गो, लागलंय. घाबरू नको." मामी डोळे मिटून घ्यायच्या.

असा महिना गेला. मी मसाला कांडायला टाकायला लालबागला गेलो होतो, तिथे गिरणीवर तावडेबाई भेटल्या. मी म्हटलं, "मामी तुमची फार आठवण काढतात." बाई उसळल्याच. "आठवण? दार लावून बसते ती आता! मी कडी ओढली, दार लागलेलं. आतून बघते माझ्याकडे, आणि मी हाक मारली तर तोंड फिरवलंन पलीकडे! आमी काय तिचा मोबाईल नेला? चोर काय आमी?" मी म्हटलं, "पलीकडे म्हणजे कुठे?" म्हणाल्या, "ड्रायव्हरच्या बाजूला." माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लॉक उघडायची खुंटी त्या बाजूला होती. मामी तोंड फिरवत नव्हत्या, त्या तिथवर पोचायला बघत होत्या. आणि चाळीत जन्म काढलेल्या बायकांनी, भर दिवसा लागलेल्या दाराचा जो अर्थ त्यांना माहीत होता, तोच घेतला होता. एकीनेही काचेवर टकटक केली नव्हती. अबोल्याच्या दारावर कुणी टकटक करतं का?

मी तसाच गाळ्यावर गेलो आणि मामांना सांगितलं. मला वाटलं, नेहमीप्रमाणे म्हणतील, मी म्हणालोच होतो. पण हे काही ते आधी म्हणाले नव्हते. उठले, पक्कड घेतली आणि गाडीची चारही दारं उघडून वायरी उपटायला लागले. सोडवण्याचा धीर नव्हता, तोडत होते. मामी पुढे बसून बघत होत्या. मग मामांनी जे केलं ते त्या भागात कुणा पुरुषाने केलं नसेल. मामींचा कुंकवाचा करंडा खिशात घातला आणि काळाचौकी, परळ, जिथे जिथे बायका पांगल्या होत्या, तिथले जिने चढून दारात उभे राहिले. हळदीकुंकवाचं आमंत्रण बायका बायकांना देतात, हा सुतकी चेहऱ्याचा म्हातारा करंडा पुढे करून सांगत होता, "हिने बोलावलंय. गाडीत. दार मी लावलं होतं, तिने नाही."

सगळ्या आल्या नाहीत. एक मुलाकडे विरारला गेली होती, एकीचे गुडघे गेले होते. पण तावडेबाईंसकट तिघी आल्या, मागच्या सीटवर दाटीवाटीने बसल्या. तावडेबाई रडत रडत मामींना झापत होत्या, "मेले, काच तरी वाजवायची होतीस!" सगळ्या मामींच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मामींचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. तावडेबाई म्हणाल्या, "परत म्हण." मामींनी परत प्रयत्न केला. मग उजवा हात मागे करून त्यांनी तावडेबाईंच्या हातातली कोथिंबिरीची जुडी ओढून घेतली आणि मांडीवर ठेवून एका हाताने निवडायला लागल्या. मामा पत्र्याला पाठ टेकून उभे होते. मला म्हणाले, "येतील आता. रोज येतील." आणि खरंच रोज आल्या. पण मामींचं बोलणं काही परत आलं नाही. दिवाळीच्या तोंडावर त्या गेल्या.

तेराव्याला सगळी उठून गेल्यावर मामा माझ्याशेजारी येऊन बसले. "जावईबापू, तो महिना तिचा होता हो. तेवढ्यात ती बोलली असती." मी म्हटलं, "मामा, तुम्ही काळजीपोटी केलंत." म्हणाले, "काळजीपोटीच ना."

तेव्हापासून मामांनी कशाचंही वाईट भाकीत केलेलं नाही. बायको मुद्दाम विचारते, "मामा, ह्या घराचं कर्ज मंजूर होईल का हो?" तर म्हणतात, "होईल की." तिला मग झोप लागत नाही. परवा मे महिन्यात आम्ही गाडीने कणकवलीला निघालो, तर मामा पहाटे शीवहून निरोप द्यायला आले. पूर्वी घाटातल्या प्रत्येक वळणावर कोण कसं गेलं ते ऐकवल्याशिवाय सोडत नसत. ह्या वेळी काचेतून आत वाकले, बायकोच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जा. काही होत नाही." आणि मागे न बघता चालू लागले. रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग उभी होती. मामा हात मागे बांधून तिच्याशेजारून सरळ निघून गेले, एकाही कडीला त्यांनी हात लावला नाही. बायको म्हणाली, "हाक मारा ना त्यांना." मी हाक मारली, पण ते वळले नाहीत.