वसंताचा टेकू: बंगळूर ते सकलेशपूर, खताच्या पोत्यांवरून

सकलेशपूरला जायचं ठरलंय हे मला सगळ्यांत शेवटी कळलं. एरवी आधी मला कळायचं आणि मग मनूच्या घरच्यांना. मनू, म्हणजे मनोहर, कॉटनपेटेतला माझा शेजारी आणि पहिलीपासूनचा दोस्त. आमच्या दोघांची घरं इतक्या पिढ्यांपासून बंगळुरात आहेत की मराठी उंबऱ्याच्या आत आणि कन्नड बाहेर, आणि उंबऱ्यावर उभं राहून बोललं की दोन्हींची खिचडी. शाळा मी अर्धवट सोडली, त्यानंतर दोन-तीन कामंही. निघाली गाडी की बसलो, एवढाच माझा धंदा. आणि गाडी म्हटलं की मनूची लॉरी, तिच्यात खिडकीकडची जागा माझी.

नव्वदीतली गोष्ट आहे ही, त्यामुळे रस्त्यांची माहिती आजच्या हिशेबाने तपासून घ्या.

लॉरी मिलिटरीच्या लिलावातली, एक टनाची. मनूने तिचं तहानलेलं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं होतं. तेव्हा बरेच जण करायचे. पण डिझेलचा जोर त्या जुन्या मागच्या पाट्यांना सोसवेना. पाटे म्हणजे धुऱ्याला, दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याला, एकावर एक बांधलेल्या लोखंडी पट्ट्यांची कमान, जिच्यावर सगळी गाडी तोलते. चढावर थांबून परत निघालं की मागून धड धड धड असा आवाज यायचा आणि अख्खी गाडी उड्या मारायची. मनू म्हणायचा, "घोडा उठला." इंजिनाचा जोर मागे नेणाऱ्या शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांधा, दोनदा तुटला. कलासिपाळ्याच्या गॅरेजांत जाऊन मी आणि मनूने जादा पाटे घालून आणले, तर रिकामी गाडी दगडासारखी आपटायला लागली आणि भरलेली पुन्हा नाचायचीच.

मग वसंता आला.

वसंता मनूचा मावसभाऊ, पुण्याचा. सरकारी कारखान्यात इंजिनिअर, जयनगरात खोली घेऊन राहायचा. एका रविवारी तो मनूच्या गाडीखाली शिरला, बाहेर आला आणि म्हणाला, "बेसिकली, तुझा धुरा गोल फिरायला बघतोय." पुढच्या रविवारी त्याने मागे पाईपचा एक टेकू बसवून दिला. तेव्हापासून मनूच्या तोंडात एकच. वसंता म्हणतो असं, वसंता म्हणतो तसं. गाडीखाली मी किती वेळा शिरलो होतो, पण "दत्तू म्हणतो" असं त्याने कधी कुणाला सांगितलेलं मला तरी ऐकू आलं नाही.

सकलेशपूरजवळच्या एका कॉफीच्या मळ्यावर हंगामाचं काम मिळायची शक्यता होती. खत वर न्यायचं, कॉफीची पोती खाली आणायची, हंगामभर मळ्यावरच राहायचं. अट एकच: भरलेली लॉरी वरच्या गोदामापर्यंत आपल्या पायांनी चढली पाहिजे. मनूबरोबर राहायला एकच माणूस लागणार होता. तो माणूस मी, यात मला शंका नव्हती. मग निघायच्या सकाळी पाहतो तर खिडकीच्या जागेवर वसंता, मांडीवर जेवणाचा डबा घेऊन.

"ये की मधे," मनू म्हणाला. "स्वल्प अडजस्ट कर."

मधे म्हणजे गिअरच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून. मी म्हटलं, मला वारा लागतो, मी मागे बसतो. आणि चढलो खताच्या पोत्यांवर. वास कसला होता ते विचारू नका.

बंगळुरातून निघायचं तर यशवंतपूर, नेलमंगल करत हासनचा रस्ता धरायचा. सकलेशपूर सव्वादोनशे किलोमीटर असेल. रस्ता तेव्हा एकेरी, दोन्ही बाजूंना चिंचेची मोठी झाडं. मागे बसणाऱ्याने फांद्यांकडे लक्ष ठेवावं. कुणिगलला तळ्याकाठी आम्ही थांबलो. तिथे घोड्यांचं मोठं पैदास केंद्र आहे आणि कुंपणापलीकडे तांबडे, चकचकीत घोडे चरताना दिसतात. मी तिथेच रमलो. एक घोडा मागच्या पायांवर उठला, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की घोडा कसा उठतो: जोर मागे लावतो, नाक वर करतो.

"दत्तू, इडली संपते बघ," मनूने हाक मारली. ताटाएवढ्या इडल्या होत्या, वर लोण्याचा गोळा. त्या दोघांनी माझ्यासाठी एक ठेवली होती. वसंताने स्वतःची अर्धीही माझ्या पानात सरकवली. मला ती खावीशी वाटेना, आणि खाल्ली.

तिथून निघताना मी मुद्दाम मागच्या फळीवर पोट टेकून, डोकं खाली लोंबकळत ठेवून पडलो. खतापासून नाक लांब राहतं हे खरं कारण. हॉटेलापासून रस्त्यावर यायला छोटा चढ होता. मनूने क्लच सोडला आणि मला दिसलं. चाकं पुढे जायच्या आधी मधला गोळा, ज्यात शाफ्ट शिरतो, तो नाक वर करून उठला. पाटे सापासारखे वळले, सुटले, परत वळले. घोडाच. पण या वेळी तो तेवढ्यावरच थांबला, कारण वसंताने बसवलेला टेकू त्याला धरत होता. एक जाड पाईप: मागचं टोक धुऱ्याला पक्कं, पुढचं चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, आडव्या पट्टीला पक्कं. धुऱ्याने नाक वर करायला बघितलं की पाईप त्याला दाबून ठेवणार.

काम करत होता तो. मला फार वाईट वाटलं.

चन्नरायपट्टणाला पाटी दिसली तेव्हा मी केबिनच्या पाठीवर थापा मारल्या. श्रवणबेळगोळ इथून जवळच आहे, जाऊन येऊ. मनूने मान बाहेर काढली. "खत घेऊन दर्शनाला जातोस?" वसंता आतून हसला. एरवी मनू वळला असता. एरवी आम्ही कुठेही वळायचो.

हासनला जेवलो. केळीच्या पानावर भात, सारू म्हणजे सार, पल्या म्हणजे भाजी, ताक, हवं तेवढं. पंधरा रुपयांत पोट इतकं भरलं की मी पोत्यांवर झोपलो, आणि उठलो ते थंडीने. सकलेशपूर आलं होतं. हेमावतीचा पूल ओलांडला की हवेला ओल्या पानांचा वास येतो. त्यासाठी तरी जा, खरं सांगतो. पूल ओलांडून दोन वळणं गेल्यावर एका आजीच्या घरात तांदळाची अक्की रोटी आणि कारळ्याची चटणी मिळायची. आता मिळते का माहीत नाही.

मळ्याच्या कचेरीत रायटर भेटले. मळ्यावर कारकुनाला रायटर म्हणतात. वयस्कर, अंगात स्वेटर, डोक्याला मफलर. त्यांनी लॉरीभोवती एक चक्कर मारली.

"वर जाताना चौडम्माजवळ थांबायचं," ते कन्नडमध्ये म्हणाले. "फूल ठेवायचं, मग निघायचं. न थांबता इथे कुणी गाडी नेत नाही."

चौडम्मा म्हणजे शेंदूर फासलेला एक दगड, आणि तो नेमका सगळ्यांत उभ्या चढाच्या मधोमध. वसंताला कन्नड येत नव्हतं, मी मराठीत सांगितलं. त्याने वाकून चढ पाहिला आणि मला म्हणाला, "विचार ना यांना, वर सपाटीवर थांबलं तर चालेल का?"

मी विचारलं. रायटर म्हणाले, "देवी सपाटीवर नाही ना."

मला हसू आलं. वसंताला वाटलं मी त्याला हसलो. खरंही होतं थोडं.

सकाळी निघालो. मळ्याचा रस्ता म्हणजे दोन चाकोऱ्या आणि मधे गवत, चाकोऱ्यांत गुडघाभर खड्डे. चौडम्मापर्यंत पोचायच्या आधीच मागून कट्कन आवाज आला. मी वरून पाहिलं: टेकूचं पुढचं टोक चासीच्या पट्टीचा तुकडा घेऊनच निघालं होतं आणि जमिनीवर घासत होतं. मनूने गाडी मागे मागे घेत खाली आणली. रायटर एवढंच म्हणाले, "उद्या दुसरी एक लॉरी येणार आहे चढून बघायला."

वसंताचा चेहरा उतरला. "वेल्डिंग कच्चं," तो म्हणाला. "जाड पट्टी लावू."

मी गाडीखाली गेलो. मला त्याला खोटं पाडायचं होतं, दुसरं काही नाही. पडल्या पडल्या पाट्यांकडे बघत बसलो. पाट्याचं पुढचं टोक चासीला बांधलेलं, पण मागचं टोक दोन छोट्या पट्ट्यांवर लोंबतं, त्याला शॅकल म्हणतात. खड्ड्यात पाटा सपाट झाला की तो लांब होतो, आणि ते टोक झुलून त्याला जागा देतं. म्हणजे खड्ड्यात धुरा नुसता वर-खाली होत नाही, जरासा पुढे-मागेही सरकतो. आणि आमचा टेकू दोन्हीकडून जखडलेला. मग तो काय करणार? तोडणार.

मी तसाच पडून ओरडलो, "पाट्याला एका टोकाला झुलायला देतात आणि तुझ्या पाईपला का नाही? मागे घट्ट ठेव, पुढे शॅकलसारखा झुलता कान लाव."

मी वाट बघत होतो, तो काहीतरी इंग्रजीत सांगून मला गप्प करील म्हणून. उत्तर तयार ठेवलं होतं. तर वसंता चांगल्या शर्टासकट चिखलात माझ्या बाजूला येऊन पडला. टॉर्च लावून बघितलं.

"अरे, करेक्ट," तो म्हणाला. "धुऱ्याने गोल फिरायला बघितलं की कान वर-खाली धरून ठेवील, आणि पुढे-मागे जाऊ देईल. दत्तू, हे मला कसं दिसलं नाही?"

आणि त्याने माझा हात हातात घेऊन हलवला. इतका खूश की जणू त्यालाच सुचलं. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. या माणसावर जळायचं तरी कसं, हे मला तेव्हा कळलं नाही, आणि जळणं तर थांबलं नव्हतं.

सकलेशपुरात बस स्टँडमागच्या वेल्डिंगवाल्याकडे गेलो. एका मोडक्या जीपच्या शॅकलच्या पट्ट्या मिळाल्या. वसंताने मापं घेतली, मी पाईप धरला, वेल्डिंगवाल्याने जाड पट्टीवर कान लटकवून दिला. मनू चहा आणत राहिला. पहिला पेला वसंताला.

दुपारी परत चढ. या वेळी मी मागे गेलो नाही. मधे बसलो, गिअरच्या दांड्यापाशी. खड्डे आले, गेले, मागून नुसती कुरकुर. चौडम्मापाशी मनूने हँडब्रेक ओढला. वसंता उतरला, शेवंतीचं फूल ठेवलं, गाडीत चढल्यावर चपला काढायच्या राहिल्याचं आठवलं म्हणून परत उतरून पुन्हा नमस्कार केला. रायटर पायवाटेने आधीच वर येऊन उभे होते.

"सोड," मी मनूला म्हटलं.

त्याने क्लच सोडला. मी पायाखालचा पत्रा ऐकत होतो. गाडी जराशी खाली बसली, म्हातारं माणूस पाटावरून उठायच्या आधी जरा दबतं तशी, आणि सरळ निघाली. घोडा उठला नाही. थेट वर गोदामापर्यंत.

रायटरनी खत उतरवून घेतलं आणि म्हणाले, "सरी, ठीक आहे. हंगामाला या. तुमच्याबरोबर कोण राहणार?"

मनूने माझ्याकडे नाही, वसंताकडे पाहिलं. "वसंता, तुला रजा मिळेल का रे? एक महिना तरी?"

"छे रे, मला कुठली रजा," वसंता म्हणाला. "दत्तू आहे ना. त्याला या गाडीचं माझ्यापेक्षा जास्त कळतं."

"मग दत्तू," मनू म्हणाला.

मला जे हवं होतं ते मिळालं. वसंताने नको म्हटलेलं.

परतीला जयनगरात वसंताला त्याच्या गल्लीच्या तोंडाशी सोडलं. त्याने रिकामा डबा काखेत घेतला, हात केला, गेला. खिडकीची जागा मोकळी झाली.

"सरक की," मनू म्हणाला.

मी कॉटनपेट येईपर्यंत मधेच बसून राहिलो. का, ते मनूने विचारलं नाही.

त्या हंगामात मी मळ्यावर राहिलो, शेवटपर्यंत. एका जागी इतका मी नंतरही कधी राहिलो नाही. खिडकीत बसून गेलो, खिडकीत बसून आलो. प्रत्येक भरल्या फेरीला चौडम्मापासून गाडी गुपचूप निघाली की मनू दरवाज्यावर थाप मारून म्हणायचा, "शाबास, वसंता." टेकूचं नावच ते पडलं. शेजारच्या मळ्यांवरचे ड्रायव्हर येऊन वाकून बघायचे, मापं घ्यायचे, आणि त्या वेल्डिंगवाल्याकडे जाऊन सांगायचे, वसंता बसवून दे. वसंता स्वतः परत कधी त्या बाजूला गेला नाही. दर आठवड्याला गाडीखाली शिरून त्या कानाला ग्रीस मी घालायचो.

मनूला एकदा म्हटलं, "कान माझा आहे."

"आहेच की," तो म्हणाला. "मी कुठे नाही म्हणतो?" आणि पुढच्या चढाला पुन्हा, शाबास वसंता.

तुम्ही सकलेशपूरला गेलात तर हिवाळ्यात जा, कॉफी लाल झालेली असते. हासनला जेवा, पूल ओलांडून रोटी मिळते का बघा. आणि एखाद्या मळ्यावर जुनी लॉरी उभी दिसली तर तिच्या मागच्या धुऱ्यापासून पुढे गेलेला पाईप शोधा. तिथे कुणालाही विचारा, वसंता म्हणतील. तुम्ही वाका आणि त्याच्या पुढच्या टोकाला हात लावून बघा. हललं, तर ते माझं.