पद आहे, माणूस नाही

पूर्णिमाची लेक कादंबरी तीन वर्षांची झाली तरी हाकेला वळून बघत नव्हती. ऐकू मात्र सगळं यायचं. स्वयंपाकघरात बिस्किटांच्या पुड्याचा कागद वाजला की अंगणातून धावत यायची. त्यामुळे घरात कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

"आमचा साईनाथबी पाच वर्सांचा हुईस्तवर बोलला न्हवता," सासूबाई, सरुबाई, सांगायच्या. "आता बघ, तोंड बंद हुत न्हाय त्याचं."

साईनाथ, पूर्णिमाचा नवरा, इंधनाच्या टँकरवर ड्रायव्हर होता. आठवड्यातले चार दिवस बाहेरच. पूर्णिमा लोणी काळभोरलाच, सोलापूर रस्त्यालगतच्या एका नर्सरीत कामाला जायची. गुलाबाचे डोळे भरण्यात, म्हणजे कलमं बांधण्यात, तिचा हात बसलेला होता. लेकीला ती सोबत न्यायची. कादंबरी तिथं पाण्याच्या नळीखाली बोट धरून दुपारच्या दुपार बसे. रडणं नाही, त्रास नाही. नर्सरीतल्या बायका म्हणायच्या, "गुणाची हाय गं पोरगी." पूर्णिमा मात्र लेकीचा चेहरा बघायची. इतर मुलं पाणी उडवतात, आईकडे बघून हसतात. ही एकदाही बघत नव्हती.

करोना ओसरल्यावर ती लेकीला घेऊन शहरातल्या सरकारी रुग्णालयात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कादंबरीला बराच वेळ खेळवलं, प्रश्न विचारले आणि मग शांतपणे सांगितलं, "स्वमग्नता आहे. ऑटिझम म्हणतात ना, तेच. हा आजार नव्हे, त्यामुळे याला गोळी नाही. पण वागणुकीची थेरपी मिळाली तर पुष्कळ शिकेल ती. जितकी लवकर मिळेल तितकं बरं."

"कुठं मिळेल?"

"खासगीत मिळते. सरकारी हवी असेल तर मुलांचं एक केंद्र आहे. नाव घालून या. गर्दी असते."

खासगीत एकदा ती चौकशी करून आली. साईनाथचा पगार तिथं दिला असता तर घरात चूल पेटली नसती. मग तिनं सरकारी केंद्रात नाव घातलं आणि वाट बघू लागली.

केंद्र शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. लोणीहून हडपसरच्या गाडीतळापर्यंत एक बस, तिथून दुसरी, मग तिसरी. नंबर लागला का हे फोनवर कुणी सांगत नसे, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी जाऊन विचारायचं. हॉर्न वाजला की कादंबरी दोन्ही कानांवर हात दाबून किंचाळायची. एकदा शेजारच्या सीटवरचे एक काका वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "अहो, आवरता येत नसेल तर माणसानं रिक्षा करावी." पूर्णिमा पुढच्या थांब्यावर उतरली. रिक्षा केली नाही. लेकीला कडेवर घेऊन उन्हात पुढच्या बसची वाट बघत उभी राहिली.

वर्ष गेलं. कादंबरी पाच वर्षांची झाली आणि तिचा नंबर लागला.

केंद्रात वागणुकीची थेरपी देणारी एकच बाई होती, सुरुची मॅडम. पेठेत वाढलेली, बारीक चणीची, तिशीही न गाठलेली. बोलणं तुटक. पहिल्याच दिवशी कादंबरीनं आईचं मनगट धरून तिला पाण्याच्या बाटलीकडे ओढलं आणि पूर्णिमानं सवयीनं बाटली उचलली.

"ठेवा ती," मॅडम म्हणाल्या. "तिला तहान लागलीय हे तुम्हाला कळलं. मला नाही कळलं. जगाला तर मुळीच कळणार नाही. आपण जगासाठी शिकवतोय."

मॅडमनी पाण्याच्या पेल्याचं एक चित्र कादंबरीसमोर ठेवलं. तिचा हात धरून ते उचलायला लावलं, आपल्या तळहातावर ठेवायला लावलं, आणि ठेवल्याक्षणी पाणी दिलं. पुन्हा तेच. पुन्हा तेच. कादंबरी किंचाळली, खुर्चीवरून घसरली, मॅडमच्या दंडाला चावली. मॅडमनी दंड झाडला आणि म्हणाल्या, "हं, परत."

पूर्णिमा आठवड्यातून दोनदा नर्सरीचा खाडा करून जाऊ लागली. दाराशी बसून ती सगळं बघायची. कधी हात धरायचा, कधी नुसता कोपराला स्पर्श करायचा, कधी काहीच न करता थांबायचं. थांबणं सगळ्यात अवघड होतं. मुलगी रडत असताना आईनं हात मांडीवर ठेवून बसायचं म्हणजे काय, ते तिला तिथं कळलं.

आणि एका सकाळी कुणीही हात न धरता कादंबरीनं चित्र उचललं, टेबलाला वळसा घालून आली आणि आईच्या हातात दिलं. मॅडमच्या नाही, आईच्या. वर क्षणभर आईच्या तोंडाकडे बघितलंही.

"द्या पाणी," मॅडम घाईनं म्हणाल्या. "रडायचं नंतर. आधी पाणी द्या."

पुढच्या महिन्यांत चित्रं वाढली. भाकरी, झोका, शी, नको. "नको"चं चित्र आलं आणि चावणं जवळजवळ थांबलं. "थांब" म्हटलं की कादंबरी थांबायची. बसमध्ये कानावर हात ठेवायची, पण किंचाळायची नाही. सासरे गेनबा, जे नातीच्या बाबतीत कधी काही बोलले नव्हते, ते एकदा भाकरीचं चित्र हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट बघत बसले. "हिनं दिलं मला," म्हणाले. "हिनं. आपल्या हातानं."

दिवाळीच्या सुमाराला मॅडमनी पूर्णिमाला बाजूला घेतलं.

"माझं कंत्राट या महिनाअखेर संपतंय. अकरा महिन्यांचं असतं. मागच्या वेळी वाढवून मिळालं होतं. या वेळी कागद वरूनच आलेला नाही."

"मग पुढच्या महिन्यापासून कोण येणार?"

"कोणी नाही."

पूर्णिमाला आधी ते कळलंच नाही. तिला वाटलं, मॅडमच्या जागी दुसऱ्या मॅडम येतील, बदलीवर जातात तसं काहीतरी. मॅडमनी चित्रांचा एक संच तिच्या पिशवीत कोंबला आणि म्हणाल्या, "घरी चालू ठेवा. रोज. एक दिवसही सोडू नका. आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच पद्धतीनं वागायचं, नाहीतर ती गोंधळेल."

घरातल्या सगळ्यांनी. पूर्णिमा सकाळी नर्सरीत जायची आणि मुलगी आता घरी सासूबाईंकडे असायची, कारण थेरपीपायी खाडे फार झाले तेव्हा नर्सरीच्या मालकानं "लेकराला आणायचं न्हाय" असं बजावलं होतं. कादंबरी रडली की सरुबाई तिच्या हातात बिस्किट द्यायच्या. चित्र वगैरे काही नाही.

"आई, तिनं मागितल्याशिवाय देऊ नका," पूर्णिमा परोपरीनं सांगायची.

"मागती की. रडून मागती. उपाशी लेकराला रडत ठिवायचं? माझ्यानं न्हाय व्हायचं ते. तुझं काळीज दगडाचं आसंल, माझं न्हाय."

सरुबाई वाईट नव्हत्या. नातीचं अंग त्याच धुवायच्या, केस त्याच विंचरायच्या. त्यांच्या मायेनंच सगळं उसवत गेलं. रडलं की मिळतं, जोरात रडलं की लवकर मिळतं, हे कादंबरी पुन्हा शिकली. चित्रं एकेक करून कोपऱ्यात पडली. पूर्णिमा संध्याकाळी येऊन दमलेल्या अंगानं तिला समोर बसवायची, पण संध्याकाळचा तो तास दिवसभरापुढे काय टिकणार?

साईनाथ घरी असला की म्हणायचा, "तू उगंच तिच्या मागं लागतीस. जशी हाय तशी राहू दे." मग मोबाइल घेऊन ओट्यावर जाऊन बसायचा. लेकीच्या किंचाळण्यानं तो कासावीस व्हायचा, हे पूर्णिमाला माहीत होतं. पण कासावीस होऊन ओट्यावर जाता येतं, हेही तिला दिसत होतं.

ती केंद्रावर जात राहिली. तिथल्या साहेबांच्या दारावर पडदा होता. आत ते चष्मा कपाळावर चढवून बसलेले असत.

"साहेब, नवीन मॅडम कधी येणार?"

"पद रिक्त आहे."

"म्हणजे बंद झालं का?"

"बंद कुठं म्हणालो मी? पद आहे. माणूस नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, बाई."

सुरुची मॅडमना खराडीच्या एका खासगी केंद्रात नोकरी लागली होती. पूर्णिमा त्यांना भेटायला गेली तेव्हा त्या बाहेर फुटपाथवर येऊन बोलल्या. आत बोलावता आलं नाही म्हणून त्यांचा चेहरा पडला होता. "मला मोबाइलवर व्हिडिओ पाठवत जा, मी सांगत जाईन," त्या म्हणाल्या. त्यांनी सांगितलंही. काही महिने रोज, मग आठवड्यातून एकदा, मग सणाला शुभेच्छांचा फोटो.

उन्हाळ्यात कालव्याला पाणी सुटलं.

कादंबरी घरातून कधी बाहेर पडली ते सरुबाईंना कळलं नाही. त्या चुलीपुढे होत्या. कालव्यावर कपडे धुणाऱ्या बायकांनी पाहिलं, एक मुलगी काठावरून सरळ, पायरी उतरावी तशी, पाण्यात उतरत चाललीय. त्यातल्या एकीनं ओरडून सांगितलं, "थांब गं, थांब!" सुरुची मॅडमच्या वेळी ती या शब्दाला थांबली असती.

गेनबा तिकडंच वाटेवर होते. सत्तरी उलटलेला माणूस चपलांसकट पाण्यात शिरला, छातीपर्यंत गेला आणि नातीच्या फ्रॉकला धरून तिला ओढत बाहेर घेऊन आला. कादंबरी हसत होती. पाणी तिला फार आवडायचं. तिला पुन्हा आत जायचं होतं आणि म्हाताऱ्याच्या हाताला ती चावत होती.

पूर्णिमा धावत आली तेव्हा गेनबा काठावर बसले होते. हाताला रक्त होतं. "मी हाय तवर हाय," ते म्हणाले. "फुडं कोन शिरंल पान्यात?"

त्यांनी दुसऱ्या दिवशी दाराला वर, मुलीचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, कडी बसवून घेतली. तेव्हापासून कादंबरी दिवसभर आत.

पुढच्या वर्षी जानेवारीत केंद्रातून फोन आला. फोन! पूर्णिमानं हातातलं कलम खाली ठेवलं, कानावर विश्वास बसेना. नवीन मॅडम रुजू झाल्या होत्या. जुनी नावं आधी घेणार होते. मंगळवारी या.

मंगळवारी साईनाथनं सुटी घेतली. मित्राची गाडी मागून आणली. सरुबाईंनी नातीला नवा फ्रॉक घातला. केंद्राच्या आवारात गेल्यावर कादंबरीनं ती जागा ओळखली असावी, कारण ती आपण होऊन त्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

नव्या मॅडमनी आधारकार्ड बघितलं. मग जन्मतारखेवर बोट ठेवून थांबल्या.

"ही सात पूर्ण झालीय. आमच्याकडे सहाच्या आतली मुलं घेतात."

"नाव घातलं तेव्हा सहाच्या आतच होती, मॅडम."

"हो, पण आता नाही ना."

"मधे तुम्हीच नव्हता," साईनाथ म्हणाला. आवाज चढला होता. "माणूस नव्हतं इथं वर्षभर! पोरगी वाढायची थांबणार होती का?"

नव्या मॅडमनी, बिचारी मुलगीच होती ती, मान खाली घातली. "दादा, मी तर महिन्यापूर्वी आलेय. सहाच्या पुढची मुलं शाळेच्या योजनेत जातात. तिथं विशेष शिक्षक असतात. तुम्ही तिकडं चौकशी करा."

तिकडं पूर्णिमानं आधीच चौकशी केली होती. विशेष शिक्षिका होत्या, पण बऱ्याच शाळा मिळून एकच. कादंबरीचं नाव लोणीच्या शाळेच्या पटावर होतं; तिथं त्या महिन्यातून एकदा यायच्या. आल्या की घरी येऊन कादंबरीचा फोटो काढायच्या आणि जायच्या.

साईनाथ गाडी आणायला गेला. पूर्णिमा बाकावर बसली. शेजारी एक तरुण आई होती, मांडीवर अडीच-तीन वर्षांचा मुलगा, तो स्वतःच्या बोटांकडे एकटक बघत होता. तिच्या हातात नाव घालायचा कागद होता.

"ताई," तिनं हळूच विचारलं, "तुमची इथं येत होती का? फरक पडतो का हो खरंच?"

पूर्णिमानं कादंबरीकडे बघितलं. ती अजून त्या बंद दाराशी उभी होती.

"पडतो," पूर्णिमा म्हणाली. "खूप पडतो."

त्या बाईच्या तोंडावर उजेड आला. पूर्णिमा उठली आणि लेकीला दारापासून ओढत गाडीकडे घेऊन गेली. कादंबरी जायला तयार नव्हती. दोघांनी धरून तिला आत बसवावं लागलं.

त्यानंतर कादंबरीनं भिंतीवर डोकं आपटायला सुरुवात केली. कपाळाला टाके पडले तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी शहरातल्या मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवलं. तिथून एक औषध सुरू झालं, सकाळ-संध्याकाळ. त्यानं डोकं आपटणं थांबलं. ती आता खाते आणि झोपते. अंग सुटलंय. दुपारी पूर्णिमा जेवायला घरी येते तेव्हा ती सतरंजीवर पडलेली असते, डोळे अर्धवट उघडे, बोटंसुद्धा हलत नाहीत.

शेजारणी विचारतात. सरुबाई सांगतात, "लई शांत झाली आता आमची कादंबरी. देवाची किरपा."

पूर्णिमा लेकीच्या अंगावरची चादर सारखी करते, दाराची वरची कडी लावते आणि कामावर जाते.