कधीच न हरणारी बिल्डिंग

नूरानं लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "ही बिल्डिंग कधीच हरत नाही."

गुरुवारची दुपार होती. रियाधमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी, त्यामुळे गुरुवारी जेवणानंतर ऑफिसात कुणी नवीन काम काढत नाही. नूरा काढते. ती आमची मार्केटिंग हेड. सौदी, माझ्याहून बरीच लहान आणि माझी बॉस. आमची कंपनी म्हणजे किराणा मालाच्या मोठ्या दुकानांची साखळी, आणि मी तिथे डेटा ॲनालिस्ट.

दुकानाच्या ॲपवर फुटबॉलचा एक खेळ चालतो. दर मॅचला प्रत्येक सभासदाला एक फुकट अंदाज करता येतो. यजमान टीम जिंकेल, पाहुणी टीम जिंकेल, की बरोबरी होईल. बरोबर आलं तर तारे मिळतात. खरेदीवरही थोडे तारे मिळतात. तारे साठले की बक्षीस. अंदाज चुकला तर काही जात नाही. कुणाचा पैसा लागत नाही म्हणूनच हा खेळ इथे चालतो. सट्टा इथे हराम आहे आणि कायद्यानंही बंद. आमच्या शरिया सल्लागारांनी भरपूर उलटतपासणी करून मगच होकार दिला होता.

कुठल्या निकालाला किती तारे द्यायचे, हे मी ठरवते. जे होण्याची शक्यता जास्त त्याला थोडे, जे क्वचित होतं त्याला जास्त. हे काम मी शिकले इंग्लंडमध्ये. तिथे मी एका बेटिंग कंपनीच्या रिस्क टीममध्ये होते. तिथला धंदा कायदेशीर आहे. माझं काम एकच होतं, कधीच न हरणारी माणसं शोधायची.

अशी माणसं असतात. ती काही फुटबॉलची जाणकार नसतात. बऱ्याच जणांना तर खेळाडूंची नावंही ठाऊक नसतात. त्यांची पद्धत थोडक्यात सांगते. बुकी कंपनी एखादी टीम जिंकण्यावर एक भाव देते. एक्स्चेंज नावाच्या दुसऱ्या साइटवर तीच टीम जिंकणार नाही, असं उलटं लावता येतं. दोन्हीकडे नेमक्या मापात लावलं की कुणीही जिंको, एका हातानं जातं ते दुसऱ्या हातानं येतं. एरवी यात किंचित तोटाच होतो, कारण दोन्हीकडची मंडळी आपला वाटा आधीच कापून घेतात. पण गिऱ्हाईक ओढायला कंपनी कधीकधी एखाद्या निकालाचा भाव काही तासांपुरता फुगवते. त्याला म्हणतात प्राइस बूस्ट. भाव फुगला की तोटा पुसला जातो आणि वर थोडा हमखास फायदा उरतो. मॅच बघायचीसुद्धा गरज नाही. याला मॅच्ड बेटिंग म्हणतात. आम्ही अशी खाती शोधून त्यांच्यावर मर्यादा घालायचो. मग ती माणसं मुकाट्यानं दुसऱ्या कंपनीत जायची.

रियाधच्या आमच्या खेळात नूरानं या सीझनला बूस्ट आणला होता. बरोबरी झाली तर तिप्पट तारे. मी म्हटलं होतं, एका घराला एकच अंदाज ठेवू या. तिनं नकारार्थी मान हलवली. सौदी घरात शुक्रवारच्या जेवणाला तीस माणसं बसतात, त्यातल्या एकालाच खेळ म्हणून सांगितलं तर बाकीचे दुसऱ्या दुकानात जातील, असं तिचं म्हणणं. तेही खोटं नव्हतं.

आता ती बिल्डिंग स्क्रीनवर होती. खाती डझनाहून जास्त, सगळी एकाच पत्त्यावरची. मी त्यांचे गेल्या काही मॅचचे अंदाज लावून पाहिले आणि खुर्चीत ताठ बसले. दर मॅचला बरोबरीवर दोघंतिघंच. उरलेले दोन्ही टीमवर वाटलेले. बरोबरीला तारे तिप्पट, म्हणून तिथे माणसं कमी. टीमवर तारे थोडे, म्हणून माणसं जास्त. निकाल काहीही लागो, बिल्डिंगच्या पदरात जवळपास तेवढेच तारे. आणि बूस्टमुळे ते आम्ही धरलेल्या हिशोबापेक्षा चांगलेच जास्त.

खरं सांगते, मला भयंकर आनंद झाला. परदेशात अचानक कुणी आपल्या गावचं भेटावं तसं वाटलं. मी मार्कर घेऊन व्हाइटबोर्डापाशी गेले आणि नूराला सगळं उलगडून दाखवलं. किती सुंदर वाटणी केली आहे, कुठे एक माणूस वाया घालवलेला नाही, हे मी तिला दोनदा सांगितलं. हा कुणीतरी धंद्यातला माणूस आहे, पैज लावून सांगते, असं माझ्या तोंडून निघता निघता राहिलं.

"तो राहतो कुठे?" नूरानं विचारलं.

मी पत्ता उघडला. मलाज भाग. आमची गल्ली. आमची बिल्डिंग. सगळ्यात आधी उघडलेलं खातं सुमती नावाच्या बाईंचं होतं आणि नंबर माझ्या जुन्या फोनचा.

"नूरा," मी म्हटलं, "ही माझी सासू आहे."

कर्मचाऱ्यांच्या घरच्यांनी खेळात भाग घ्यायचा नाही, असा नियम आहे. तो मोडला तर करार रद्द होऊ शकतो. करार गेला की इकामा जातो, आणि इकामा गेला की सामान बांधायचं. इकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना. त्यावर माझं घर, मुलीची शाळा, सगळं उभं.  नूरानं लॅपटॉप मिटला आणि रविवारी लीगल टीमशी बोलावं लागेल, तोवर नक्की काय झालं ते विचारून ये, एवढंच म्हणाली. तिचा चेहरा गंभीर होता. पण दाराबाहेर गेल्यावर ती हसल्याचा आवाज मला आला. भास असेल, असं मी स्वतःला बजावलं.

मेट्रोत बसून मी वाक्यं जुळवत घरी आले. सासूबाई तीन महिन्यांसाठी व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आल्या होत्या. सांगलीला एका विमा कंपनीच्या क्लेम खात्यात नोकरी करून रिटायर झालेल्या. माझा नवरा सुहास अबकैकच्या तेल प्रकल्पावर इंजिनिअर. तो आठवडाभर तिकडेच असतो, गुरुवारी संध्याकाळी येतो. मी ऑफिसात, नात शाळेत. अशा वेळी माणूस घरात बसून करणार काय, याचा विचार आम्ही कुणी केला नव्हता. त्यांनी केला.

दार उघडलं तर हॉलमध्ये बायकाच बायका. वरच्या मजल्यावरची रेहाना सासूबाईंच्या शेजारी बसली होती. ती श्रीवर्धनची, इथल्या हॉस्पिटलात मुलांची डॉक्टर. बाकीच्या जेसीसारख्या नर्सेस आणि शेजारणी. उद्याच्या मॅचची वाटणी नुकतीच आटोपली होती आणि सगळ्या चिवडा खात होत्या.

मी चप्पल काढायच्या आत सगळं बोलून टाकलं.  सासूबाईंनी चष्मा काढून पुसला.

"तूच सांगितलं होतंस की," त्या म्हणाल्या. "मी आले त्या आठवड्यात, जेवताना. बूस्ट असला की सगळ्या बाजूंनी लावायचं."

"आई, ते मी इंग्लंडचं सांगत होते."

"गणित तिकडचं वेगळं असतं का?"

 नियमाचं त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी कुठे काम करते हे ठाऊक होतं, पण दुकानाच्या ॲपचा आणि माझ्या ऑफिसचा संबंध त्यांच्या लक्षात आला नव्हता. आमच्या ॲपचं नाव दुकानापेक्षा वेगळं आहे, हेही खरं. एवढा खटाटोप कशासाठी, विचारलं तेव्हा रेहाना म्हणाली, "ताइफसाठी, वहिनी." मोठ्या बक्षिसांमध्ये, सगळ्यांचे तारे एकत्र करून घेता येईल अशी, ताइफची ग्रुप सहल होती. डोंगरातलं थंड शहर, गुलाबाचे मळे, बस आणि हॉटेल धरून. या बायका कित्येक वर्षं रियाधमध्ये राहून ताइफला गेल्या नव्हत्या. कुणाच्या नवऱ्याला सुट्टी नसते, कुणाची ड्युटी बदलते. सासूबाईंनी गुलाबांचं ऐकलं आणि परत जायच्या आत सगळ्यांना नेते म्हणून सांगून टाकलं.

तेवढ्यात सुहास आला. त्याला वाटलं कुणाचा वाढदिवस आहे. सगळं ऐकून तो हसत सुटला. मग त्याला कळलं की त्याचा दुसरा नंबरही इतके दिवस पाहुण्या टीमवर लावलेला आहे. तेव्हा तो थांबला.

उद्याच्या मॅचचे अंदाज बंद झाले होते, मागे घेता येत नव्हते. म्हणून शुक्रवारी सगळ्या पुन्हा आमच्याकडेच जमल्या. मी अशी मॅच कधी पाहिली नाही. खालच्या चहाच्या टपरीवर आणि शेजारच्या बिल्डिंगमध्ये लोक ओरडत होते. आमच्या हॉलमध्ये सासूबाई भेंडी चिरत होत्या. कुणी विणत होतं. गोल झाला की रेहाना मान वर करून कुठल्या बाजूचा ते विचारायची आणि पुन्हा फोनवर पेशंटच्या आईला औषध समजावून सांगायची. घरात श्वास रोखून बसलेली मी एकटी. बरोबरी झाली तर आख्ख्या देशाला तिप्पट तारे द्यावे लागणार होते. मॅच संपता संपता पाहुण्यांनी गोल केला. बरोबरी. बाहेर कल्लोळ उठला.

"म्हणजे रेहानाचं आणि जेसीचं आलं," सासूबाई म्हणाल्या. "बरं झालं. चहा ठेवू का?"

मी डोकं धरून बसले आणि मला हसू आवरेना. नोकरी जायची वेळ आलेली आणि मी सोफ्यावर लोळून हसत होते. माझ्यामागून सुहास, मग हळूहळू सगळा हॉल. का हसतोय ते निम्म्या बायकांना माहीत नव्हतं.

रविवारी नूरानं सासूबाईंनाच ऑफिसात बोलावलं. त्या कडक इस्त्रीची साडी, वरून अबाया, म्हणजे इथला काळा झगा, अशा आल्या. लीगलचे एक वयस्कर गृहस्थ होते. सासूबाईंनी आपल्या विमा कंपनीतल्या इंग्रजीत आधीच सांगितलं की सुनेला काही माहीत नव्हतं, आमच्या घरची दोन्ही खाती आणि त्यातले तारे आत्ता काढून घ्या. मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "पण बाकीच्यांनी कुठला नियम मोडला, ते दाखवा."

लीगलच्या गृहस्थांनी नियम वाचले. पुन्हा वाचले. शेवटी त्यांनी कबूल केलं की एकही मोडलेला नाही. एकेका माणसानं एकेक अंदाज केला होता. शेजाऱ्याशी बोलून करू नये, असं कुठे म्हटलं नव्हतं.

नूरानं खुर्ची पुढे ओढली. "माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?"

"बूस्ट ठेवला असता," सासूबाई म्हणाल्या. "लोकांना आवडतो. पण बूस्ट हवा त्यांनी ग्रुप करून यावं. एका पत्त्याचा एक ग्रुप, एका ग्रुपचा एक अंदाज. मग तुमचं ते तीस माणसांचं घरसुद्धा एकत्र बसून भांडेल."

नूरा माझ्याकडे वळली. मी म्हटलं, गणित बरोबर आहे. तिनं "खलास" म्हटलं आणि माझ्या फाइलवर एक ताकीद लिहून विषय संपवला. खरं तर ती ताकीद लिहितानाही हसत होती.

नवा नियम लागला. आमची दोन खाती गेल्यामुळे बिल्डिंग ताइफपासून थोडक्यात मागे राहिली होती. आता एकच अंदाज. मी आणि माझ्या घरच्यांनी त्यात पडायचं नव्हतं, म्हणून मॅच रेहानाच्या घरी झाली. सासूबाई प्रेक्षक म्हणून गेल्या, मी त्यांच्यावर नजर ठेवायला. यजमान जिंकणार की बरोबरी, यावर दोन दिवस भांडणं झाली होती. शेवटी बरोबरी ठरली.

काय सांगू तो गोंगाट. याच बायका. रेहाना सोफ्यावर उभी होती. जेसी रेफरीला मल्याळममध्ये काहीतरी सुनावत होती. सासूबाईंचा अंदाजाशी काही संबंध नसताना त्या टीव्हीच्या इतक्या जवळ गेल्या की मागच्यांना दिसेना. शेवटच्या मिनिटापर्यंत बरोबरी होती. मग यजमानांनी गोल घातला. सगळ्या मटकन खाली बसल्या, आणि मग अशा हसल्या की खालचा चौकीदार विचारायला वर आला.

थोडे तारे कमी पडले ते पडलेच. दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका यल्ला, म्हणजे चला चला, म्हणत टॅक्सी करून आमच्या दुकानात गेल्या आणि महिन्याचा तांदूळ, तेल, डाळी, साबण एकदम भरला. खरेदीच्या ताऱ्यांनी सहल पुरी झाली. त्या ताइफला जाऊन आल्या. सासूबाई स्वतःचं तिकीट काढून गेल्या आणि येताना गुलाबपाण्याच्या इतक्या बाटल्या आणल्या की सांगलीला परत जाताना विमानतळावर बॅगेचं वजन कमी करावं लागलं.

सीझन संपल्यावर मी नूरासाठी आकडे काढले. बूस्ट आमची विक्री वाढावी म्हणून आणला होता. जोवर ही बिल्डिंग हमखास जिंकत होती, तोवर तिथून नेहमीपेक्षा एक पावही जास्त विकला गेला नव्हता. पहिली मोठी खरेदी झाली ती त्या हरल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी. इंग्लंडमध्ये हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, तरी सगळ्यांना माहीत होतं. हमखास जिंकणारा पाहुणा असतो. थोडक्यात हरतो, तो गिऱ्हाईक.