व्हायोलिनांची पाठशिवणी

युरोपात अडीचशे वर्षं चालत आलेलं संगीत पिंपरीत मी एकट्याने थांबवलं.

तेव्हा औषधांचा कारखाना नवा होता. मी तिथे हिशेबनीस. परदेशी इंजिनिअरच्या बाईंनी कॉलनीतल्या मुलांचा व्हायोलिनचा ताफा उभा केला होता. जुन्या दरबारी रचना कोवळ्या बोटांना झेपतील इतक्या सोप्या करून त्या शिकवायच्या. आमच्या नलूला चेलो मिळाला. (चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला काका. बाराव्या वर्षी नलू त्याच्यामागे दिसायचीच नाही!) घरी ती तेच ते चार सूर घासत बसायची. त्यावरून अख्खी रचना मला कळली, असा माझा समज झाला.

नेमक्या कार्यक्रमाच्या दिवशी बाईंना ताप भरला. समोर काठी हलवायला कोण? मी लहानपणी पेटी शिकलो होतो हे मी कारखानाभर सांगून ठेवलेलं. साहेबांनी मलाच पकडलं.

"अहो, एकदा मुलांचं ऐकून तरी घ्या," बायको म्हणाली.

"त्यात काय ऐकायचं? सोपं करून दिलंय!"

मांडव भरला. पुढे कारखान्याचे साहेब, शेजारी गावातले तुकाराम पाटील. मी काठी उचलली. नलू सुरू झाली, पण व्हायोलिनवाले ढिम्म! मी डोळे वटारले.

"अप्पा, त्यांचं अजून यायचंय," नलू कुजबुजली.

"यायचंय काय? सगळे आलेत की!"

तेवढ्यात पहिली रांग वाजवू लागली. हुश्श! पण दुसरी रांग तशीच बसलेली. मी काठीने ढोसायच्या बेतात होतो, तोच तीही लागली. पण हाय रे देवा, पहिल्यापासून! तिच्या मागून तिसरी, तीही पहिल्यापासून!

आता पाटलांना राहवेना. "मास्तर, म्होरल्यांना जरा थांबवा की! मागली पोरं न्हाई पोचायची!"

मलाही ते पटलं. मी दोन्ही हात पसरून पहिली रांग अडवली. "थांबा रे, त्यांना येऊ द्या!" पहिली थांबली. ती थांबली म्हणून दुसरी गडबडली, तिसरीच्या एका पोराने भोकाड पसरलं. फक्त चेलो चालू होता. शेवटी तोही थांबला आणि मागून नलूचं लालबुंद तोंड वर आलं.

"अप्पा, ते असंच आहे! एकाने पळायचं, दुसऱ्याने मागे लागायचं. बाईंनी मुद्दाम तसं बसवलंय. तुम्ही खाली बसा पाहू!"

भर मांडवात पोटच्या पोरीने सांगितलं. मी बसलो. नलूने मान हलवली आणि सगळं पुन्हा सुरू झालं. सूर एकमेकांच्या मागे धावले, एकमेकांत मिसळले आणि शेवटी सगळे एकत्र येऊन थांबले. माझे डोळे भरून आले. बायकोने पदर पुढे केला. "पुसा आता," ती म्हणाली, "रडणं तरी बरोबर जागेवर आलं!"

"झ्याक!" पाटील म्हणाले. "कुनी कुनाला गाठलं न्हाई, पर समदी पोचली."

बाई बऱ्या झाल्यावर त्यांना सगळं कळलं. मोठ्या मनाची बाई! पुढच्या कार्यक्रमात त्यांनी मला खास काम दिलं: रचना संपली की टाळ्यांना सुरुवात करून द्यायची, म्हणजे बाकीच्यांना कळेल.

सूर थांबले तशा मी टाळ्या वाजवल्या. कडकडून वाजवल्या.

मुलं पान उलटत होती!