बहिणीसाठी आणलेलं ढेकूळ

धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी अर्धापूरला आमच्याकडे आली, तेव्हा तिला माती खाण्याचे डोहाळे लागले होते. मी नांदेडला शाळेत शिकवायचो आणि सुट्टीच्या दिवशी घरची केळीची बाग बघायचो. एका रविवारी ती म्हणाली, "दादा, येताना एक ढेकूळ आण की. तोंडाला पाणी सुटून राहिलंय."

केळीतलं एक काळंभोर ढेकूळ मी पिशवीत घालून आणलं. लोकांचे भाऊ साडी आणतात, ह्यानं ढेकूळ आणलं, म्हणून आई हसली. बहिणीनं ते चवीनं खाल्लं.

चारच दिवसांपूर्वी त्या केळीच्या बुडाशी मी दाणेदार औषध टाकून घेतलं होतं. मुळांना किडीनं गाठी आल्या होत्या. ढेकूळ उचलताना ते मला आठवलं नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे आठवलं होतं. आपण झाडापासून हातभर लांबची माती घेतोय, एवढाच विचार करून मी घरी निघालो.

तासाभरात तिला उलट्या सुरू झाल्या, तोंडातून लाळ गळू लागली. नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांवर बॅटरी मारून पाहिली आणि शेतात फवारणी झाली का, असं विचारलं. तिचे सासू-सासरे नांदेडचेच; तेही येऊन शेजारी उभे होते.

"फवारणी नाही झाली," मी म्हणालो.

ते खोटं नव्हतं. औषध फवारलं नव्हतं, मातीत टाकलं होतं.

अर्धा तास मी गप्प राहिलो. तिचा श्वास घरघरायला लागला तेव्हा डॉक्टरांना बाजूला घेऊन खरं सांगितलं. ते लगेच इंजेक्शनच्या तयारीला लागले. ती वाचली. मुलगी मात्र दिवस भरायच्या आधीच झाली. आता शाळेत जाते, पण लवकर दमते. ते त्या मातीमुळेच का, हे कोणी डॉक्टर ठामपणे सांगत नाही.

यंदा भाऊबीजेला मी बहिणीला सगळं सांगितलं. ती रडेल, नाहीतर ओवाळणार नाही म्हणेल, असं वाटलं होतं.

"माती मी एकदाच खाल्ली, दादा," ती म्हणाली. "खुरपायला येणाऱ्या बाया दिवसभर त्या मातीत उघड्या हातानं बसतात. त्याच हातानं भाकर खातात. त्यांना सांगितलंस का?"

औषध मी यंदाही टाकलं होतं. त्या बाया आदल्याच आठवड्यात केळीत बसून जेवल्या होत्या, आणि त्यांना प्यायला पाणी मीच नेऊन दिलं होतं.