भाऊजींची रबरी विजार

शालूचा फोन आला तेव्हा मी मुरबाडला लेकाच्या घरी भिजवलेले वाल सोलत बसले होते. शालू माझी धाकटी जाऊ. शेणव्याकडच्या, धरणाकाठच्या आमच्या गावात ती आणि वसंतभाऊजी, दोघंच राहायची. "आक्का, हे गेले," एवढंच ती म्हणाली आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "पाण्यात?"  ती म्हणाली, "नाय वो. खाटेवर. चहा ठेवून उठवायला गेले, तर..." खरं सांगते, दिराच्या मरणाची बातमी ऐकताना मला आधी हायसं वाटलं. रडू मागाहून आलं. गेली काही वर्षं मी त्या माणसाला मनातल्या मनात इतक्यांदा बुडवलं होतं, की ते कोरड्या अंथरुणात उशीवर डोकं ठेवून गेले हा मला त्यांनी धरणाला दिलेला चकवाच वाटला.

पाण्याची धास्ती मला लागली ती भाऊजींच्या देखतच. लग्न होऊन आले तेव्हा मी स्वतःला फार शहाणी समजायचे. टोकावड्याकडचं माझं माहेर, तिथला ओढा असा की उन्हाळ्यात म्हशीला भिजायचं तर आडवं पडावं लागे. पण सासरी कुणी विचारलं, पोहता येतं का, तर पदर खोचून म्हटलं, "येतं की." भाऊजी तेव्हा जेमतेम अकरा-बारा वर्षांचे. त्यांनी लगेच वाळल्या पांगाऱ्याचा बिंडा आणला, शिकाऊ पोरं पोहताना तरंगायला कमरेला बांधतात तो, आणि मला डोहावर नेलं. कंबर करकचून आवळली तर नव्या लुगड्याच्या निऱ्या चुरगळतील, म्हणून या शहाणीनं बिंडा सैल बांधला. पाण्यात शिरले मात्र, बिंडा घसरून गुडघ्यांशी गेला. पाय वर, डोकं खाली. भाऊजींनी वेणी धरून ओढलं म्हणून हे लिहायला मी आहे. "बदकासारखं पोहता वयनी," काठावर बसून ते म्हणाले, "शेपूट वर." मी हसले, पण त्या हिरव्या काळोखात कानात घुमलेला आवाज अजून गेलेला नाही.

मुरबाडच्या कारखान्यातली नोकरी संपली तेव्हा भाऊजींच्या मुलीनं, मंगलनं, त्यांना कयाक घेऊन दिली. पिवळी प्लास्टिकची, एका माणसाची होडी. गावात ती उतरवली तेव्हा शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "गुरांना पानी पाजायला डोन आनली का रे?" भाऊजी रोज पहाटे ती धरणाच्या पाण्यात ढकलायचे आणि गळ टाकून बसायचे. धरणाचा काठ म्हणजे मांडीभर चिखल, त्यात बुडालेल्या झाडांची खुंटं, आणि हिवाळ्यात पाणी असं गार की पाय आपले राहत नाहीत. त्यांचे गुडघे धरू लागले तेव्हा मंगलनंच वेडर पाठवले. वेडर म्हणजे छातीपर्यंत येणारी रबरी विजार. बूट खाली तिलाच चिकटवलेले, खांद्यांवर दोन पट्टे आणि कमरेला एक. ती घालून भाऊजी अंगणात उभे राहिले तेव्हा शालू म्हणाली, "पिठाच्या गोनीत मानूस भरल्यागत दिसताय." सगळे हसले. मी मात्र त्या फुगीर पायांकडे बघत होते. पायात हवा, म्हणजे पाय वर... पुढचं मला कुणी शिकवायला नको होतं.

मंगलनं बजावलं होतं, कमरेचा पट्टा घट्ट हवा. पण आम्ही भातवाली माणसं. लावणीच्या चिखलात पाय रुतला की चप्पल सोडायची आणि पाय काढायचा, हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही कळतं. भाऊजींनी तीच अक्कल धरणाला लावली. "पट्टा सैल असला म्हंजे पडलो तर विजार सोडून भायेर येता येईल," असं ते म्हणाले, आणि ते आम्हाला सगळ्यांना अगदी पटलं.

एका वर्षी म्हसा गावची पौषातली जत्रा उरकून मी गावी राहायला गेले होते. सकाळी शालूबरोबर काठावर गेले. ऊन नुकतं पडलेलं, भाऊजी हाकेच्या अंतरावर. गळाला काहीतरी मोठं लागलं, ते एका अंगाला झुकले, आणि कयाक पालथी झाली. आवाजसुद्धा फारसा झाला नाही. पिवळा तळ तेवढा वर दिसत होता... मग अंगातल्या लाइफ जॅकेटनं त्यांचं डोकं वर आणलं. छातीशी शिरलेलं गार पाणी सैल पट्ट्याखालून पायांत उतरत होतं आणि ते खांद्यांवरचे पट्टे शोधत होते. पण पट्टे होते जॅकेटच्या खाली. विजार सोडायची तर आधी जॅकेट सोडायला हवं, आणि जॅकेट सोडलं तर... हे त्यांना पाण्यात कळलं, आम्हाला काठावर. ज्या शालूनं उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं ती, पोराला हाक मारावी तशी, "वसंता, वसंता रे," करत राहिली.  मग त्यांची धडपड थांबली. मला वाटलं, संपलं. पण ते उताणे झाले, गुडघे पोटाशी घेतले आणि हातांनी पाणी मागे सारत, पाठीवर, इतके हळू काठाकडे येऊ लागले की अजूनही माझ्या स्वप्नात ते काठाला पोचत नाहीत. गुडघाभर पाण्यात आल्यावर आम्ही दोघी ओढायला गेलो, तर ते हलेचनात. पाण्यात असताना आतलं पाणी जड नव्हतं, बाहेर निघू लागताच कणगीएवढं झालं. "ओढू नका गो," ते कापत म्हणाले, "पाय वर करा." चढावर पाय आणि उतारावर डोकं करून आम्ही त्यांना निजवलं, तेव्हा छातीपाशी भळाभळा पाणी बाहेर आलं. ओठ जांभळासारखे झाले होते. तरी माझ्याकडे बघून म्हणाले, "वयनी, आज मी पन बदक."

त्यांनी मासेमारी सोडली नाही. मी शिव्या दिल्या, शालूनं अबोला धरला. पण तेव्हापासून ते कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून छातीशी विजार उघडायचे, पाण्याच्या दाबानं आतली हवा फस्सकन बाहेर जायची, मगच पट्टा आवळायचा आणि वरून जॅकेट. हवा नको आत, पाणीही नको. वारं सुटलेलं असलं की होडी काढायचीच नाही. "चप्पल सोडायची ती मळ्यात," म्हणायचे, "हितं सोडायचं काय नाय." एवढं करूनही माझी भीती तसूभर कमी झाली नाही. मुरबाडला सकाळी फोन वाजला की हातातलं टाकून मी धावायचे.

दिवसकार्य झाल्यावर मंगल म्हणाली, "आये, मी जाते बाबांच्या होडीतून." शालू म्हणाली, "ती विजार जाळून टाकते मी." मला वाटलं, आता मायलेकींचं जुंपणार. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिघी काठावर होतो. मंगल बापाच्याच उंचीची, विजार तिला बरोब्बर झाली. ती पाण्यात उतरली, हवा काढली, आणि पट्ट्याला हात घालणार तोच शालू लुगड्यासकट कमरेएवढ्या पाण्यात शिरली. पोरीच्या पाठीला गुडघा लावला, म्हणाली, "श्वास सोड... अजून," आणि पट्टा असा खेचला की मंगल कळवळली. मग जॅकेटचा एकेक चाप स्वतः लावला, लावून ओढून बघितला. नको जाऊस, असं ती म्हणाली नाही. मीही म्हटलं नाही. 

होडी खुंटांपलीकडे गेली. शालू काठावर आली. ओल्या लुगड्यात तिचे दात वाजत होते आणि उन्हाची पाण्यावरची चकाकी तिला सोसेना. डोळ्यांवर हात धरून तिनं विचारलं, "आक्का, दिसते का वो पोर?"

माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. लांब पाण्यावर नुसतं पांढरं.

"दिसते गो," मी म्हटलं. "चांगली बसलीये."